माणसाच्या चालीची गाडी

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. हे मी तेव्हा मान वर करून सांगायचो आणि आजही मान खाली घालत नाही. माझ्याआधी आमच्यात सही करणारे फक्त बाबा होते, आणि तेही नुसतं नाव लिहायचे, आडनावापर्यंत कधी पोचले नाहीत. पदवीचा कागद आला तेव्हा त्यांनी तो चंद्रपूरला नेऊन काचेत बसवून आणला आणि समोरच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली टांगला. घरी कोणी आलं की म्हणायचे, "वाचून पाहा जी. इंग्रजीत हाये."

आमचं गाव मूलवरून गडचिरोलीकडे जाताना रस्त्याला लागतं. धान, तलाव, आणि पलीकडे जंगल. बाबा आधी एका लाकूड ठेकेदाराकडे ट्रकवर क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले. आलापल्लीकडच्या जंगलातून सागाची लाकडं भरून आणायचे. गाडी कशी चालवायची ते त्यांना चिखलानं आणि चढांनी शिकवलं. ते म्हणायचे, वजन गिअरनं उचलाचं असते, पायानं दाबून नाई.

ऐंशी साल लागायच्या सुमारास त्यांनी एका साहेबाची ठोकलेली छोटी गाडी भंगारात घेतली आणि वर्षभर तिच्याखाली झोपून ती उभी केली. उभी करताना एक बदल केला. अशा गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्यात दोन दातेरी चाकं असतात. लहान ते पिनियन, इंजिनाकडून फिरत येतं. मोठं ते क्राऊन, ते मागची चाकं फिरवतं. आमच्या गाडीत मुळात पिनियनला दहा दाते होते, क्राऊनला एक्केचाळीस. बाबांनी तो जोड काढला आणि त्याच कंपनीच्या माल वाहणाऱ्या छोट्या गाडीचा टाकला. आठ दाते आणि एक्केचाळीस. दाते मोजायला खडूची खूण करायचे आणि बोटांवर घ्यायचे. भागाकार त्यांना येत नव्हता. पण लहान चाक चारऐवजी पाच फेरे घेईल तेव्हा मोठ्याचा एक होईल, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. इंजिन तेच, ताकद तीच, पण गाडी आता सावकाश चालणार आणि दमानं ओढणार.

हे त्यांनी केलं मिरवणुकीसाठी. एप्रिलातल्या जयंतीला आमच्या वस्तीची मिरवणूक बाजाराच्या रस्त्यानं निघायची. पुढे जागोजागी थांबून गोल धरणारे लेझीमवाले, मग बाबांची गाडी, टपावर फुलांत मांडलेली तसबीर, मागे सगळी वस्ती. बाबा पहिला गिअर टाकायचे, क्लच सोडून द्यायचे आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवायचेच नाहीत. कार्बोरेटरचा स्लो, म्हणजे पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग, त्यांनी कानानं असा लावला होता, की इंजिन ना गुरगुरायचं ना दचकायचं. गाडी आपली चालायची, बायामाणसं चालतात तशी. तसबिरीपुढचा दिवा कधी कलंडला नाही. आदल्या दिवशी नाल्याच्या मैदानात ते तालीम घेत. गाडी चालू ठेवून खाली उतरायचे, खिडकीतून एक हात स्टिअरिंगवर ठेवायचे आणि बाजूनं पायी चालायचे. पावलाला पाऊल जुळलं की म्हणायचे, "जमलं."

ही चाल पाहून लग्नवाले यायला लागले. वरातीला बाकीच्यांच्या गाड्या गचके खायच्या, नाहीतर क्लच जळून उभ्या राहायच्या. बँडमधला ढोलवाला मला एकदा म्हणाला, "तुह्या बाबाच्या गाडीपुढं वाजवाचं म्हणजे जीवाले घोर नाई. बाकीचे ड्रायव्हर टाचीवर बंपर आणून ठेवतात. एका हातानं ढोल वाजवू का मांगं पाहू?" ज्या घरांनी लहानपणी बाबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं, त्या घरांचेही नवरदेव आमच्या मागच्या सीटवर बसून बाजारातून गेले. बाबा त्याबद्दल बोलत नसत. दर वरातीआधी सीट मात्र स्वतः पुसायचे.

मला त्या गाडीची लाज वाटायची. स्पष्टच लिहितो. चंद्रपूरच्या रस्त्याला पंचावन्नच्या वर बाबा ती नेत नसत, त्यापुढे जुनं इंजिन ओरडायला लागायचं. एस.टी. मागून यायची, बाजूनं निघून जायची. भाड्यानं बसलेली सवारी म्हणायची, "भाऊ, उतरून पायी गेलो तर आधी पोचून राह्यलो असतो ना." बाबा हसायचे, मी खिडकीबाहेर बघायचो.

मला गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्या दिवशी बाबांनी हट्टानं गाडीनं सोडलं. पहाटे निघालो, तरी पोचायला उशीर झाला. फाटकाशी इंजिनाचा आवाज ऐकून चार-पाच जण वळून बघायला लागले. त्यातला एक पुढे वर्षभर माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. तो म्हणाला, "काय बे, बैल पुढं जुपले होते का मांगं?" सगळे हसले. बाबाही हसले. मी हसलो नाही. त्या रात्री खोलीवर मी वही काढली.

हिशोब अवघड नव्हता. चाकाचा घेर, टॉप गिअर, दात्यांचं प्रमाण. दहा-एक्केचाळीसचा मूळ जोड परत टाकला, तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे एक पंचमांशानं कमी. आवाज कमी, झीज कमी, पेट्रोल कमी. कागदावर एकही चूक नव्हती, आजही मला ती सापडत नाही. जानेवारीत घरी जाऊन मी बाबांना वही दाखवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, आकडे पाहिले आणि तशीच परत दिली.

"अन मिरवणूक?"

"मिरवणूक वर्षातून एकदा, बाबा. तेवढा वेळ क्लच अर्धा दाबून धरायचा."

"अर्ध्या क्लचवर प्लेट जळते ना पण."

"एका दिवसात काही जळत नाही. मी काढलाय हिशोब."

त्यांनी गाडीच्या टपावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तू शिकला हायेस. तुले जास्त समजते." आणि पाना आणायला आत गेले.

आम्ही दोघांनी मिळून मागचा गोळा उघडला. गाडी विटांवर उभी राहिली. आठ दात्यांचा जोड मी पोत्यात बांधला. नागपूरला भंगारवाल्याची अट होती, जुना द्या, दुसरा न्या. एस.टी.त चढताना बाबा म्हणाले, "आपलावाला घरी राहू देतो का? पैसे वरून देऊ."

मी म्हणालो, "भंगार कशाला साठवायचं घरात?"

नवा जोड बसला. चंद्रपूरच्या रस्त्याला गाडी सत्तरला लागली आणि आवाज म्हणजे नुसता गुणगुणाट. त्या दिवशी मी स्टिअरिंगवर होतो आणि बाबा शेजारी बसले होते. पुढे ते प्रत्येक सवारीला सांगायचे, "माह्या पोरानं वहीत हिशोब करून बसवली." मी सुटी संपवून गडचांदूरला निघून गेलो.

मी नसताना काय होत होतं ते मला नंतर समजलं. फाल्गुनात वराती सुरू झाल्या. जुन्या जोडानं पहिल्या गिअरमध्ये, पाय न लावता, गाडी तासाला सव्वातीन किलोमीटर चालायची. आता ती चार चालू लागली. कागदावर हा फरक पाऊण किलोमीटरचा. रस्त्यावर तो ढोलवाल्याच्या टाचेइतका. स्लो कमी करावा तर इंजिन गचके देऊन बंद पडायचं, वाढवावा तर गाडी आणखी पुढे सरकायची. बाबा सगळी वरात अर्ध्या क्लचवर काढायचे. दोन वेळा प्लेट बदलली, स्वतःच, आणि मला कळू दिलं नाही. मायला ताकीद दिली होती, त्याले लिहू नोको.

एप्रिलात मी रजा घेऊन आलो. ऊन उतरल्यावर मिरवणूक निघाली. वस्तीतून बाजाराच्या तोंडापर्यंत बरं चाललं. पुढे रस्ता जरा चढाचा आहे. तिथे लेझीमवाले थांबले, गोल झाला, मागे गर्दी दाटली. मी गाडीच्या उजव्या बाजूनं चालत होतो. बाबांचा डावा पाय थरथरताना मला खिडकीतून दिसत होता. मग तो वास आला, जळलेल्या प्लेटचा. ज्याला ठाऊक आहे त्याला तो वास पुन्हा सांगावा लागत नाही. गाडीनं एक गचका खाल्ला, टपावरचा दिवा कलंडला, तसबीर पुढे झुकली. दोन पोरांनी झेप घेऊन ती धरली. इंजिन बंद पडलं. बाबांनी पुन्हा चालू केलं. इंजिन ओरडलं, गाडी जागची हलली नाही.

दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती. कोणीतरी म्हणालं, "झालं का? हटवा मंग, रस्ता मोकळा करा." वाईट बोलला असंही नाही. रस्ता अडला होता, तो तेवढंच बोलला.

बाबा खाली उतरले. मागे वळून पोरांना म्हणाले, "लावा हात. हळू. हळू ढकला." खिडकीतून स्टिअरिंग धरलं आणि तालमीत चालायचे तसे गाडीच्या बाजूनं चालायला लागले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी मागे जाऊन ढकलणाऱ्यांत लागलो. पण ढकललेली गाडी एका चालीनं जात नाही. थांबते, मग एकदम पळते. लेझीमवाल्यांना दोनदा बाजूला व्हावं लागलं. बाजार कसाबसा ओलांडला.

घरी आल्यावर मी मायला म्हणालो, "एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? ढकलत का होईना, पोचलो ना."

माय भाकरी थापत होती. ती थापतच बोलली. "तुह्या आज्याले त्या रस्त्यानं थांबता येत नोहतं. पायातल्या वायना हातात घेऊन लवकर लवकर निंघून जा लागे. आमची वरात तलावाच्या पाळीवरून आणली, बाजारातून येऊ देल्ली नाई. म्हणून तुहे बाबा त्या रस्त्यानं हळू चालवत. बाकी काई नाई."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. वहीत चाकाचा घेर होता, दाते होते, हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी एवढंच विचारलं, "आपला जुना जोड भेटन का रे?" आम्ही दोघं नागपूरला गेलो. भंगारवाल्यानं ओळखलंसुद्धा. म्हणाला, "भाऊ, वो तो कब का गल गया." बाबा म्हणाले, "बरं." येताना एस.टी.त ते झोपले, किंवा डोळे मिटून बसले. मी राजुऱ्याला, वडशाला, जिथे कामानं गेलो तिथे भंगाराची दुकानं पालथी घातली. आठ दात्यांचं पिनियन एकदा सापडलं, पण दोन दाते तुटलेले. ते मी घरी आणलं नाही.

पुढच्या जयंतीला ट्रॅक्टर लावला गेला. बाबा मागे, माणसांत चालले. वराती त्यांनी सोडून दिल्या. सवारी मात्र भरपूर होती, गाडी आता छान पळत होती, आणि ते अजूनही सांगायचे की पोरानं वहीत हिशोब करून बसवली. यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. टोमणा नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीनं दगा दिला. चंद्रपूरच्या दवाखान्यात आठ दिवस होते, नवव्या दिवशी दुपारी गेले. गावी आणायला मेटॅडोर मिळाली. गावात शिरलो तेव्हा दिवस कलला होता. आमचं स्मशानाचं मैदान नदीकडे, लांब. वस्तीतले जाणते म्हणाले, आता खांद्यावर न्यायला वेळ नाही, अंघोळ घालून गाडीनंच नेऊ. बुद्धवंदना झाली, आणि बाबांना पुन्हा मेटॅडोरमध्ये ठेवलं. अंगणात आमची छोटी गाडी उभी होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

मी ड्रायव्हरशेजारी बसलो. तो चंद्रपूरचा, आमच्यातल्या कोणालाच न ओळखणारा. मागून सगळी वस्ती पायी निघाली, पुढे बाबांच्या वयाची माणसं. बाजाराच्या तोंडाशी आलो तेव्हा मी म्हणालो, "भाऊ, इथून जरा हळू घ्या. लोक चालत आहेत."

"पहिल्यातच हाये भाऊ. याच्याहून हळू नाई होत," तो म्हणाला. "क्लच जळते."

त्याचं बरोबर होतं. मी आरशात पाहिलं. म्हातारी माणसं धोतराचा सोगा हातात धरून पळत होती. मग ती मागे पडत गेली आणि जवान पोरंच तेवढी आरशात उरली. ढोलवालाही होता, ढोल न घेता, धापा टाकत. बोलण्यासारखं जे होतं ते दाते, फेरे आणि किलोमीटरमध्ये होतं, आणि ते मला तोंडपाठ होतं.

मिरवणुकीला बाजार ओलांडायला पाऊण तास लागायचा. त्या दिवशी बाबांना तीन मिनिटं लागली.