भट्टीतली वाळू

शेजारी कुणी फुटाणे भाजले की तो खरपूस वास माझ्या खाटेपर्यंत येतो, आणि मी नाशकातल्या आमच्या पाडलेल्या दुकानात जाऊन उभा राहतो.

आम्ही भडभुंजे. ऐंशीच्या पुढंमागं रस्ता रुंद करायचा म्हणून आमची दुकानांची सगळी ओळ पाडली. भट्टी तर आठवडाभर आधीच विझवली होती. ओळ पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि माझी बायको सुभद्रा उरलंसुरलं सामान इंदिरानगरच्या नव्या जागेत न्यायला गेलो. आभाळ भरलेलं, हवेत गारठा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुभद्रानं विटा बाजूला सारल्या आणि कढईतली वाळू घमेल्यात भरायला घेतली. नव्या वाळूत लाह्या नीट फुटत नाहीत, म्हणून माझ्या आज्यापासून आम्ही तीच वाळू वापरत होतो.

"अहो, ही गरम लागतेय."

"येडी का काय? मेली ती भट्टी. टाक ती वाळू अन् चल."

"तुम्ही मेली म्हटलं म्हणजे मेली का?"

तिनं पदराच्या गाठीतले ज्वारीचे चार दाणे वाळूत टाकले. आम्ही बघत राहिलो. तट्‌कन आवाज झाला आणि पांढरीशुभ्र लाही वर आली.

सुभद्रा हसली. मी घमेलं तिच्या डोक्यावर दिलं.

आत निखारा राहिला असेल, असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगितलं. आता सांगत नाही.

सुभद्रा गेली त्याला महिना झाला. काल सून म्हणाली, "आप्पा, आईंचं अंथरूण काढून टाकू का?"

म्हटलं, "राहू दे. अजून गार झालं नाही ते."