ओटमारच्या आजोबांची चौकट

ओटमार त्स्विकनागेल आमच्या खाणावळीत शिरला की माझी नजर आधी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे जाते. तिथे पूर्वी माझ्या पणजोबांचं सन्मानपत्र होतं, त्यांच्या वाईनला राजवाड्याने दिलेलं, सोनेरी शिक्क्याचं. एका गुरुवारी ओटमारने खिशातून निळ्या उजेडाची बॅटरी काढून त्यावर मारली आणि कागद लख्ख चमकला. "बुर्गी, जुना कागद असा चमकत नाही. हा पन्नास सालानंतरचा," असं म्हणून त्याने कांद्याच्या केकचा आणखी एक तुकडा मागितला. मी दिला, पण जरा लहानच कापला.

चाळीस वर्षं त्याने जमीन नोंदणीच्या कचेरीत कारकुनी केली. लग्न केलं नाही. कैसर बादशहाच्या काळातली, पहिल्या महायुद्धातली लष्करी पदकं आणि त्यांच्याबरोबर मिळालेली सन्मानपत्रं जमवणं हाच त्याचा संसार. त्यातही पदकापेक्षा कागदावर जीव जास्त. पदक कुणीही विकत घेऊन छातीवर लावील, कागदावर मात्र माणसाचं नाव असतं, असं तो म्हणतो. नाव मिळालं की म्युनिकच्या लष्करी दफ्तरखान्यात जाऊन पलटणीच्या नोंदवह्या उपसतो. प्रशियाच्या वह्या दुसऱ्या महायुद्धात जळाल्या, बव्हेरियाच्या राहिल्या. आमचा फ्रँकोनिया बव्हेरियातच येतो; एरवी आम्हाला कुणी बव्हेरियन म्हटलं तर मिरच्या झोंबतात, पण त्या वह्यांत आमचेच आजोबा आहेत. त्यामुळे आमच्या गावात आजोबांच्या नावावर थापा मारायची सोय राहिलेली नाही.

दर गुरुवारी चार वाजता खिडकीजवळच्या टेबलाशी ओटमार आणि त्याची दोस्तमंडळी जमतात. ओटमारच्या शेजारची खुर्ची किलियान ह्युमरची. किलियान सुतार, ओटमारचा पहिलीपासूनचा दोस्त. त्याच्या घरी आजोबांचा घोड्यावर बसलेला फोटो आहे. आजोबा घोडदळात होते, तलवार उपसून फ्रेंचांवर तुटून पडले आणि पदक मिळवलं, ही गोष्ट आम्ही इतकी ऐकली होती की मलाही तोंडपाठ झाली होती. किलियानच्या पंचाहत्तरीला ओटमारने भेट आणली, निळी रिबीन बांधलेली. आत नोंदवहीच्या पानाची नक्कल. किलियानने हौसेने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली: रसद तुकडी, काम घोड्यांची निगा. कुणीतरी फिस्सकन हसलं. किलियानने टोपी घातली आणि स्वतःच्या वाढदिवसातून निघून गेला.

"पण नोंद अस्सल आहे!" ओटमार म्हणाला. हा माणूस वाईट नाही हो, पण अक्कल वाटत होते तेव्हा हा बहुतेक दफ्तरखान्यात बसला होता.

दोन वर्षं किलियान आला नाही. ओटमार त्या खुर्चीवर आपली टोपी ठेवायचा, दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून. मला त्या टोपीचा राग यायचा आणि तिच्याकडे पाहून वाईटही वाटायचं.

ओटमारचा नियम एकच: चौकट उघडा. कागदाची मागची बाजू बघितल्याशिवाय काही खरं धरायचं नाही. गावातल्या सगळ्यांच्या चौकटी त्याने उघडायला लावल्या. त्याच्या घरची मात्र तशीच. आजोबा गेओर्ग यांचा क्रॉस, म्हणजे क्रुसाच्या आकाराचं पदक, आणि त्याखाली सन्मानपत्र, खुद्द आजोबांनी चौकटीत बसवलेलं. जखमी लेफ्टनंटला खांद्यावर घेऊन तोफांच्या माऱ्यातून आणलं, म्हणून मिळालेला. "तुझी कधी उघडणार?" असं विचारलं की म्हणायचा, "घरच्या माणसावर संशय घ्यायचा काय?"

यंदा ऑक्टोबरात गावच्या संग्रहालयाने प्रदर्शनासाठी तो क्रॉस मागितला. रविवारी उद्घाटन, खालची पाटी ओटमारनेच लिहायची. त्यांना कागदाची मागची बाजू बघायची होती, नियम त्याचाच. त्याने चौकटीचे खिळे काढले.

गुरुवारी तो चार वाजता आला तेव्हा काखेत मोठं पाकीट होतं आणि चेहरा उतरलेला. केकला नको म्हणाला. मी घाबरलेच.

"बुर्गी, किलियानला फोन कर," तो म्हणाला. "मी केला तर उचलणार नाही."

"आणि काय सांगू?"

"सांग, मी चौकट उघडली."

किलियान दहा मिनिटांत आला. बहुधा धावतच. बसला नाही. ओटमारने पाकिटातून कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. "तूच वाच. मोठ्याने."

सन्मानपत्राच्या खालच्या दोन बोटं रुंद पट्टीचा रंग अजून ताजा होता. इतकी वर्षं चौकटीतल्या पुठ्ठ्याने तेवढाच भाग झाकला होता. किलियानने चष्मा लावला. "गेओर्ग त्स्विकनागेल," तो वाचू लागला, आणि त्याची नजर खालच्या ताज्या पट्टीवर आली. मग सावकाश, "लष्करी भटारखाना. पाव भाजणारा."

कुणी हसलं नाही. ओटमार टेबलाकडे बघत होता. "पुठ्ठा आजोबांनीच कापला. लेफ्टनंट वगैरे कुणी नव्हता. पाटीवर खरं तेच लिहिणार आहे मी. पण तुझ्या वाढदिवसाला मी जे केलं..." त्याने कागदाची कड सरळ केली. "आजोबांनी हे का झाकलं ते मला परवा कळलं. तुझ्या वेळी कळलं नाही."

दोन वर्षं साठवलेला सगळा राग किलियान आता बाहेर काढणार, म्हणून मी हातातला पेला खाली ठेवला. पण त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"म्हणजे माझ्या आजोबांचे घोडे तुझ्या आजोबांचं पीठ ओढत होते म्हण की!"

ओटमारचा हात खिशातल्या वहीकडे गेला. तो हात आम्ही सगळे ओळखतो. पानं उलटत तो म्हणाला, "नाही रे, तुझे आजोबा पाचव्या डिव्हिजनचे, आणि हा भटारखाना तर..."

"ओटमार!" मी ओरडले.

त्याने वर पाहिलं. किलियान खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून अजून उभाच होता. ओटमारने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि वही मिटली.

"ओढत असतील," तो म्हणाला. "नक्कीच ओढत असतील."

आणि त्याने खुर्चीवरची आपली टोपी उचलून मांडीवर घेतली.