वंशावळीवर हरकत नाही

गेल्या रविवारी आमच्या कुळाला प्रमुख मिळाला. भोपाळात, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या कम्युनिटी हॉलमध्ये, सकाळी अकरा वाजता... आज बुधवार उजाडला तरी माझा शीण गेलेला नाही.

सगळी सुरुवात स्कॉटलंडहून झाली. अण्णांचा नातू मंदार तिकडे नोकरीला आहे, त्याने फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. तिथल्या एका कुळाला म्हणे कित्येक पिढ्या प्रमुखच नव्हता. मग एकाने कागद दाखल केले, सरकारी अधिकाऱ्याने ते तपासून मान्यता दिली आणि सगळं कुळ माळावर जमलं. चौकड्यांचे घागरे नेसलेले दणकट बाप्ये, बगलेत पिशवी धरून वाजवायची पिपाणी... आणि एक म्हातारा खड्या आवाजात वंशावळ म्हणतोय. ती संपली की नवा प्रमुख दगडावर उभा, हातात पांढरी काठी.

"आपल्यालाही असा एक हवा," हा वसंतकाकांचा मेसेज. काका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण पर्सोनेल काही अंगातून गेलं नाही.

त्यांनी अमरावतीकडच्या आमच्या गावाहून वंशावळीची जुनी वही मागवली. थोरली शाखा कुणाची ते पाहून चक्क सीनिऑरिटी लिस्ट काढली! आधी प्रोव्हिजनल. खाली टीप... 'हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.' शिक्का तेवढा नव्हता. यादीत पहिले अण्णा, रिटायर्ड फोरमन, वय त्र्याऐंशी.

माझं इथेच सोनागिरीत फ्लेक्स छपाईचं दुकान. त्यामुळे हॉलमध्ये लावायचा वंशावळीचा फ्लेक्स माझ्याकडेच आला. फाइल उघडली... उजवीकडे खाली माझ्या बापाचं नाव. 'गणपत', आणि पुढे कंसात 'परागंदा'. तिथून खाली रेघच नाही. म्हणजे मी नाही, माझ्या मुली नाहीत.

बाप पंधराव्या वर्षी गावातून पळून आला, हे खरं. कारखान्याच्या गेटसमोर त्याने चहाची गुमटी टाकली आणि याच नातेवाइकांना तीस वर्षं चहा पाजला. 'अपना गणपत' म्हणायचे सगळे. पण 'हा आमचा भाऊ' असं कुणी कुणाला सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही... आणि माझे कान चांगले आहेत.

दुकानाचा माझा एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या मॅटरला आपण होऊन हात लावायचा नाही. एक रेघ ओढायला दोन मिनिटं लागली असती. पण आपल्याच मशिनवर आपणच स्वतःला कुळात घालून घ्यायचं... नको वाटलं.

"अहो, मग लेखी कळवा की काकांना," बायको म्हणाली. तेही नको वाटलं. बापाचं नाव नीट लागावं, एवढंच मला हवं होतं, पण स्वतः मागून नको होतं. पंधरा दिवस गप्प बसलो. आलं तसं छापलं.

रविवारी खुर्च्या लावायलाही शेवटी मीच. दगडाऐवजी चौरंग. काठी म्हणून पडद्याचा पाइप पांढरा रंगवलेला. पिपाणीऐवजी कुणाच्या तरी मोबाइलवर सनई. मंदार व्हिडिओ कॉलवरून ओरडतोय, "आजोबा, इकडे बघा! इकडे!" आणि अण्णा पंख्याकडे बघतायत.

वसंतकाका माइकवर वाचू लागले. माइकची वायर सैल होती, हाताने दाबून धरली तरच आवाज यायचा. ती धरून मी कोपऱ्यात उभा. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"गणपत, परागंदा," असं वाचून काका पुढच्या शाखेकडे वळले...

"थांब रे वसंता. कोण परागंदा?"

"गणपत, अण्णा. वहीत तसंच आहे."

"कसला परागंदा? गेटसमोर तर बसायचा! तूच फाइल आणायला जातो सांगून दिवसातून दोनदा त्याच्याकडे पळायचास."

हॉल हसला. काका लालबुंद. "अण्णा, रीतसर हरकती मागवल्या होत्या. एकही आली नाही."

"मग ही माझी घे." कुणीतरी पुढे केलेली काठी अण्णांनी हाताने बाजूला सारली. "सुध्या, इकडे ये."

"अण्णा, वायर सोडली तर माइक बंद पडेल."

"पडू दे."

पडला. अण्णा चौरंगावरून हळूच म्हणाले, "चहा देताना तो मला दादा म्हणायचा. मी ऐकू न आल्यासारखं करायचो... कारखान्यातली माणसं असायची ना बरोबर." मग काकांकडे वळून, "वाच. नीट वाच. तोवर मी काही काठी धरत नाही."

काकांनी चष्मा पुसला. माइकशिवाय वाचलं. "गणपत. त्यांचे चिरंजीव सुधाकर. सुधाकरच्या मुली... नावं काय रे?"

तिसऱ्या रांगेतून बायकोच म्हणाली, "मुक्ता आणि सई." 

मग अण्णांनी काठी घेतली. टाळ्या वाजल्या, फोटो झाले, श्रीखंड-पुरी झाली. खुर्च्या उचलायला परत मीच... निघताना वसंतकाका जवळ आले. "सुधाकर, दुरुस्त कॉपी काढून ठेव. फायनल लिस्ट."

आज फाइल उघडली. दुरुस्ती गिऱ्हाइकानेच सांगितलीय, म्हणजे हात लावायला मोकळा. 'परागंदा' पुसलं. रेघ ओढली. खाली तीन नावं टाकली.

खरंच, दोनच मिनिटं लागली. मशिन मात्र लगेच सुरू केलं नाही... बाप असता तर म्हणाला असता, आधी चहा घे.

अण्णा, तुम्ही हे वाचणार नाही, मंदार फोनवरून वाचून दाखवेल. उशिरा का होईना, तुम्हाला ऐकू आलं.