वरच्या ओळीतलं नाव

अगं, फोन नीट कानाला लाव जरा. माझी सख्खी नात तू, जयपूरच्या जयपुरात वैशाली नगरातून सोडाल्याला यायला तुला वर्ष लागतं का गं? इथे आजी मेली तरी तुला पत्ता नाही! आणि मेलेच आहे मी, कागदावर. ऐक.

माझ्या सासूबाई, म्हणजे तुझ्या पणजी. देशातल्या पहिल्या मतदानाची यादी लिहायला माणूस दारात आला, तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालेलं. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? म्हणाल्या, "लिहा, या घरची सून." अशा सगळ्या बायका यादीतून उडवल्या. पुढच्या यादीत त्यांनी स्वतः जाऊन नाव घातलं. रेल्वेच्या बदलीने आम्ही जयपूरला आलो, तरी दर मतदानाला रांगेत पहिल्या त्याच. "एकदा पुसलं, आता पुसू देणार नाही," म्हणायच्या.

त्या गेल्यावर यादीतून त्यांचं नाव कमी करायचा फॉर्म मीच भरला. आपल्या घरी लग्नपत्रिका असो की रेशन कार्ड, मोठ्यांचं नाव वर. हात सवयीने चालला. त्यांचं वर, माझं खाली.

यंदा बूथवर गेले, तर यादी घेऊन बसलेली बाई चाचरत म्हणाली, "माताजी, आप तो... गुज़र चुकी हैं."

"मतलब?"

मतलब, त्या फॉर्मवर वरची ओळ अर्ज करणाऱ्याची होती, खालची मेलेल्याची. यादीत माझं नाव खोडलेलं, सासूबाई जिवंत, फोटोसकट. बाईने त्या फोटोवर बोट ठेवलं. "ये तो आपके साथ ही आई हैं ना? सफ़ेद साड़ी में, लाइन में आपके आगे थीं."

मी वळून पाहिलं. शाळेचं रिकामं आवार, लख्ख ऊन. फक्त सासूबाईंच्या मशेरीचा वास. तो मी कसा विसरेन गं?

मत न देताच परतले. दोन फॉर्म दिलेत, दोन्ही एकदमच भरून आणा म्हणाले. माझं नाव घालायचा भरून झाला. त्यांचं काढायच्या फॉर्मवर पेन टेकवलं की आतल्या खोलीत त्यांची खाट करकरते. भरदुपारी. मी पेन खाली ठेवते, खाट गप्प होते.

पण मला मत द्यायचंय गं, जिवंत आहे तोवर. तुझ्यावर त्यांचा फार जीव होता, तुझा हात त्या अडवणार नाहीत. आधी त्यांना सांगू, मग तू लिही. खाटेवर मात्र बसू नकोस. या रविवारीच ये, बाळा.