एका कागदाचं खवले मांजर

जगातला प्रत्येक कागद आधी माझ्या मामेसासऱ्यांच्या कानावरून जावा आणि मगच तो शाळा, कचेऱ्या, सरकार अशा किरकोळ गिऱ्हाइकांना मिळावा, अशा ठाम मताला मी आता आलो आहे. तुम्ही-आम्ही कागदावर लिहितो, त्यात भजी गुंडाळतो, फार तर चष्मा पुसतो. मामा कागद ऐकतात. कोपरा डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा, कागद डाव्या कानापाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि मनगटाला बारीकसा झटका द्यायचा. कागद सळसळतो आणि मामा त्याच्याकडून त्याचं कूळ, गोत्र आणि पत्रिकेतला मंगळसुद्धा काढून घेतात. मग निकाल. निकाल तीनच. "नको." "स्वल्प बरा." आणि क्वचित, फार क्वचित, "सरी." ही कानडी सरी म्हणजे आपलं "ठीक"; इथला रिक्षावाला ती दिवसातून शंभरदा म्हणतो. मामांच्या तोंडून मात्र ती माझ्या माहितीत तीनदाच बाहेर पडली होती. एकदा त्यांच्या कारखान्यातल्या कागदासाठी, एकदा मामींच्या कटाच्या आमटीसाठी आणि एकदा, असं माझी बायको सांगते, ते मामींना पाहायला गेले होते तेव्हा. त्या यादीत चौथं नाव आपलं लागावं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा माझ्या मध्यमवयात शिल्लक होती.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे निपाणीचे, पण जयनगरात राहून आता त्यांची मराठी अशी झाली आहे की वाक्य निपाणीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये पाय पुसून आत येतं. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो आणि हेब्बाळला घर घेतलं. बेंगळुरात हेब्बाळहून जयनगरला जाणं म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जाणं, फक्त वाटेत कंदी पेढे मिळत नाहीत. तरी दर रविवारी आम्ही जातो, कारण बायकोला माहेरची माणसं या शहरात ही दोनच.

मामांनी तीस वर्षं बोम्मसंद्र्याला ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काढली. तिथे तारांभोवती एक तपकिरी, पातळ आणि चिवट कागद गुंडाळतात. पत्रे कापणाऱ्या दणदणत्या प्रेसच्या शेजारी जेवणाचा डबा उघडून बसलेल्या मामांनी एके दिवशी त्या कागदाचा उरलेला तुकडा हातात घेतला आणि चतकोर भाकरी संपेपर्यंत त्याचा बेडूक केला. तिथून पुढे त्यांच्या हाताखालून काय काय गेलं याची मोजदाद नाही. विंचू, खेकडा, शेपटी तुटलेली पाल, शेपटी परत आलेली पाल. नियम एकच: एक चौकोनी कागद, कात्री नाही, डिंक नाही. "कात्री लावून कुणीपण हत्ती करतंय," मामा म्हणतात. "मग त्याला घडी कशाला म्हणायचं? शिवणकाम म्हणा की."

त्यांच्या मते प्रत्येक कागदात एक प्राणी आधीपासून बसलेला असतो, आपण त्याला फक्त बाहेर बोलवायचं. टिफिन रूममध्ये डोश्याखाली जो तेलकट कागद येतो तो ते डोसा उचलून आधी बघतात. "बेडूक आहे," ते मला सांगतात, "पण आळशी." आमच्या भाच्याच्या मुंजीची पत्रिका त्यांनी वाचण्यापूर्वीच ऐकली आणि ती इतकी चांगली वाजली की तिचं कासव झालं. मुंजीची तारीख कासवाच्या पोटात गेली. मामा-मामी आले ते दुसऱ्या दिवशी, बटू पायजम्यात क्रिकेट खेळत असताना, आणि मामांनी आहेर म्हणून कासवच परत आणलं होतं.

जयनगरातल्या एका कागदाच्या दुकानात त्यांच्यासाठी वेगळं लाकडी स्टूल आहे. मामा येताना दिसले की दुकानदार बोलत नाही, स्टूल पुढे करतो आणि गठ्ठा सोडतो. मामा एकेक ताव कानाला लावतात. तासाभराने एक घेतात. गिऱ्हाइकं खोळंबतात, पण दुकानदार म्हणतो की अण्णांनी नाकारलेला गठ्ठा तो शाळेच्या वह्यांना देतो आणि अजून एकाही शिक्षकाची तक्रार नाही.

आता या विद्वानाच्या घरी जावई म्हणून मी काय प्रकाश पाडला ते सांगतो. माझी बोटं पुण्याची आहेत. ती दुसऱ्याला दाखवण्यासाठी घडवलेली आहेत, कामासाठी नव्हेत. मामांनी मला पहिल्या रविवारी पक्षी शिकवला. दीड तासाने तो टीपॉयवर उभा राहिला तेव्हा मामी पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन आल्या, थबकल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "इस्त्री ठेवायचं स्टँड का हो? छान झालंय की." मामांनी पक्षी उचलला, कानाला लावला आणि म्हणाले, "नको." त्यानंतर मी फक्त प्रेक्षक झालो. मला मामांच्या उजव्या हाताला बसवत. मामीही वाढायला, बोलायला, टोमणा मारायला नेहमी उजवीकडूनच येत. मी ही जावयाची मानाची जागा समजून पाठ ताठ करून बसायचो.

मागच्या वर्षी मामांचा डावा अंगठा थरथरायला लागला. मामा डावरे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे हळूहळू वाढत जाईल हेही सांगितलं. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं की आता एकच मोठं जनावर करायचं आणि थांबायचं. जनावर ठरलं खवले मांजर. नाकापासून शेपटीपर्यंत अंगावर खवल्यांच्या ओळी, आणि सगळं एका कागदातून. हेब्बाळच्या तळ्याजवळ एका हॉलमध्ये घडीवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. मंडळातली सगळी पोरं कंप्युटरवर, लॅपटॉप उघडून जनावरांचे आराखडे काढणारी. आमचे मामा एकटे विजेच्या बिलाच्या पाठीवर काढणारे. त्यांनी कारखान्यातला तो तपकिरी कागद वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. त्याचा शेवटचा मोठा ताव बाहेर निघाला. अंगठा साथ देतोय तोवर हे एक पुरं व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि ते मला पुरेपूर माहीत होतं. म्हणजे पुढे जे केलं ते मी अज्ञानाने केलं असं म्हणायलाही जागा नाही. थोडी आहे. तीच सांगतो.

मोठं जनावर करायचं तर आधी कागदावर शेकडो घड्या घालून उलगडाव्या लागतात, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. चमच्याच्या पाठीने दाबून दाबून मामांनी तीन आठवडे त्या घड्या घातल्या होत्या. प्रत्येक रेघेला दिशा होती. वर आली तर डोंगर, खाली गेली तर दरी. मग त्या रविवारी त्यांनी ताव पलंगावर पसरला आणि अंघोळीला गेले. बायको आणि मामी स्वयंपाकघरात होत्या. बाहेरच्या खोलीत मी, मामींनी साड्यांसाठी मांडलेली इस्त्री आणि दाराआडून दिसणारा, कुणीतरी बसून उठल्यासारखा चुरगळलेला एक भला मोठा कागद.

मला मामांची दया आली. एवढ्या जपलेल्या कागदाची ही दशा. वाटलं, अंघोळ करून येतील, कागद कोरा करकरीत पाहतील आणि म्हणतील, सरी. मी माणूस व्यवस्थित. कागद भाजू नये म्हणून वर मलमलचं फडकं टाकलं, काटा सुतीवर आणला, दोन्ही बाजूंनी, कडेपासून मध्याकडे, पाण्याचा हलका हात मारत इस्त्री केली. स्वतःच्या लग्नातल्या सदऱ्यालाही मी इतक्या मायेने इस्त्री केली नव्हती. तीन आठवड्यांचा सह्याद्री पंधरा मिनिटांत सोलापूर जिल्ह्यासारखा सपाट झाला.

मामा पंचा गुंडाळून बाहेर आले आणि दारातच थांबले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून "सरी" आज येत नाही एवढं मला कळलं. त्यांनी ताव उचलून उजेडाला धरला. मग, नवल म्हणजे, नाकाला लावला.

मी म्हणालो की हवेत दमटपणा फार आहे सध्या.

"दमटपणानं कागद मऊ पडतो, जावईबापू," मामा म्हणाले. "हा कडक झालाय. आणि याला सुतीच्या तापाचा वास आहे. रेशमावर तरी ठेवायचं होतं की."

एवढंच बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. मामींच्या पाठीमागे लपता आलं असतं. मामा पलंगाच्या कडेला बसले, मांडीवर ताव आणि तावावर तो अंगठा, आपला आपण हलत. कारखाना कधीच बंद पडला होता. दुसरा ताव नव्हता. स्वयंपाकघरातून बायको आली, तिने कागद पाहिला, इस्त्री पाहिली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जावई हा दहावा ग्रह असतो हे तिच्या माहेरच्यांनी तिला पूर्वीच सांगून ठेवलं असावं. मग मामांनी कागदावरून बोट फिरवलं. म्हणाले, घड्या गेलेल्या नाहीत. कागद घडी विसरत नाही, फक्त वर का खाली ते विसरलाय. ते परत सांगावं लागेल, एकेका रेघेला. पण एवढं सांगायला आपला अंगठा पुरणार नाही.

मग माझा हात धरून त्यांनी अंगठ्याचं पेर दाबून पाहिलं, भेंडी बघतात तसं.

"हाच घ्यायचा," ते म्हणाले. "दुसरा कुठं आहे?"

पुढचे सहा रविवार, आणि प्रदर्शन जवळ आलं तसे शनिवारसुद्धा, मी हेब्बाळहून जयनगरला अंगठा पोचवत होतो. मामा उजवीकडे मला घेऊन बसत, बोट ठेवून "डोंगर" म्हणत, मी चिमटा काढून डोंगर करायचा. "दरी." दरी. "डोंगर म्हटलं मी." असेल. रात्री ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कुणी आलेख दाखवला की मला त्यात खवले दिसत. मधल्या चहाच्या वेळी मामा मला कागद ऐकायला शिकवू लागले. ते एक ताव कानाशी हलवून मला देत, मीही डोळे मिटून हलवत असे आणि म्हणत असे की हा जरा खर्जातला वाटतो. मामा गंभीरपणे मान डोलवत. एकदा मी एका कागदात कोमल धैवत असल्याचं सांगितलं. तेही त्यांनी मान्य केलं. माझ्या कानाची मला धास्तीच वाटू लागली.

खवले मांजर उभं राहिलं. पाठ फुगवून, नाक जमिनीला लावून, जणू हेब्बाळच्या हॉलमधल्या टेबलावरच मुंग्या शोधत होतं. लॅपटॉपवाली पोरं भोवती जमली, खाली वाकून पोटाखालून बघू लागली. त्यातल्या एकाने शेपटीजवळ बोट नेलं. बाकी सगळे खवले मागे वळलेले, एक ओळ पुढे वळलेली. ती माझी होती. पाचव्या रविवारी, चहानंतर, दरीच्या जागी डोंगर. त्याने विचारलं, "अंकल, ही ओळ मुद्दाम उलटी ठेवलीय?"

"मुद्दामच," मामा म्हणाले. "ती जावयाची ओळ. खवले मांजर झालं म्हणून काय, त्याला जावई नसतोय होय?"

पोरं हसली. मामाही हसले आणि मला ओढून पुढे उभं केलं. त्या पोरांपैकी तिघांनी त्या उलट्या ओळीचाच फोटो काढला.

जयनगरला मामांच्या घरी आल्यावर मी फुशारलो होतो. मामी जेवायला वाढत होत्या. त्यांना मी सांगितलं की मामांच्या कानाची विद्या आता माझ्याकडे आली, परवा तर मी धैवत ओळखला. मामींचा हात आमटीच्या पळीसकट थांबला. मामा हात धुवायला मागे गेले होते तरी मामींनी आवाज खाली आणला.

"कुठल्या कानाची हो? डाव्या?" त्या म्हणाल्या. "तो कान ते फॅक्टरीतच ठेवून आलेत की. त्या प्रेसपाशी. वीस वर्षं झाली, त्या बाजूनं काही ऐकू येत नाही त्यांना. म्हणून तर आम्ही सगळे उजवीकडं बसतोय."

मी आमटीत भात कालवत राहिलो. मामा परत आले, पाटावर बसले आणि उजवीकडे वळून मला विचारू लागले की आमटी कशी झालीय. मी म्हटलं, सरी. धैवताचा विषय मी पुन्हा काढला नाही. मग लक्ष ठेवून पाहिलं तेव्हा कळलं, कागद कानाशी असताना त्यांची चिमूट अगदी हळू, दिसेल न दिसेल अशी, कोपरा चोळत असते. निकाल तिथे लागतो. मग कागद कानापर्यंत का नेतात, हे मी विचारलेलं नाही. सासरच्या माणसांना सगळंच विचारू नये.

आता मामा मोठं काही करत नाहीत. लहानसहान बेडूक असतो, तोही मी करतो आणि ते उजवीकडे बसवून मला रागावतात. दुकानापर्यंत चालवत नाही म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी मलाच कागद आणायला पाठवलं. मी दुकानात शिरलो तसं दुकानदाराने न बोलता ते लाकडी स्टूल पुढे केलं. मी बसलो. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली असताना चाळिशी उलटलेला, बऱ्या पगाराचा एक माणूस एकेक ताव कानाला लावून डोळे मिटत होता आणि लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. तासाभराने मी एक घेतला.

मामांनी तो डाव्या चिमटीत धरला, डाव्या कानाशी नेला, डोळे मिटले. मनगटाला झटका द्यायची आता गरज पडत नाही. हात आपणहून थरथरतो आणि कागद आपणहून सळसळतो, बारीक, न थांबता. मी त्यांच्या उजवीकडे बसलो होतो, मला तो नीट ऐकू येत होता. मामांच्या चिमटीने कोपरा हळूच चोळला.

"सरी," ते म्हणाले.