देवाच्या पाठीला देव

त्याला सगळे चौकट म्हणत. बापाला फ्रेमवाला म्हणायचे. याचं थोबाडच असं चौकोनी, की धंद्याचं आणि तोंडाचं मिळून एकच नाव पडलं. दुकान म्हणजे दोन भिंतींच्या फटीत कोंबलेली लांबट खोली. पुढं टेबल, त्यावर काच कापायची हिरकणी, करवत, सरसाचं डबडं. मागं छतापर्यंत उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्या. आणि उरलेल्या जागेत देव.

कुणी नळीत घालून आणायचं, कुणी पिशवीत दुमडून. 'जरा उंच झाला' म्हणून चौकट कुणाचे पाय कापायचा, कुणाच्या डोक्यावरचं आभाळ कापायचा. गिऱ्हाईक समोर हात जोडून उभं, आणि तेच वर सांगायचं, "कडेनं अजून बोटभर काढ रे, म्हणजे साध्या पट्टीत बसेल." असली ही भक्ती!

वस्तीत वरच्या गल्लीत चित्रवाले, खालच्या गल्लीत अक्षरवाले. चित्रवाल्यांना समोर चेहरा असल्याशिवाय प्रार्थना सुचत नाही. अक्षरवाल्यांना चेहरा म्हणजे पाप. त्यांना देवाचं वचन पाहिजे, तेही त्यांच्याच लिपीत, सोनेरी शाईत. एवढ्या फरकावर दोन्ही गल्ल्यांनी पिढ्यान्पिढ्या एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. बाकी सगळं सारखं. तीच सासू-सुनांची भांडणं, तीच मूळव्याध, तीच औषधं.

दुकानात आल्यावर दोन्हीकडचं वाक्यही एकच. "आमचं त्यांच्या शेजारी ठेवू नकोस हं."

"छे छे, भलतंच काय!" चौकट म्हणायचा, आणि गिऱ्हाईकाची पाठ वळली की दोघांच्या एकाच थप्पीत वर टाकून द्यायचा.

आणखी एका गोष्टीत दोन्ही धर्मांचं एकमत होतं. ओल लागलेला, फाटलेला, जुना झालेला देव घेऊन यायचं आणि म्हणायचं, "टाकवत नाही रे. तूच ठेव." आपल्या अंगणातलं पाप शेजाऱ्याच्या अंगणात लोटलं की माणूस पुण्यवान झाला! आता चौकटनं त्यांचं करायचं काय? जाळायचं नाही, रद्दीत घालायचं नाही. बापानं त्यावर रीत घालून दिली होती. नवी फ्रेम करताना मागं कोरा पुठ्ठा घालायचाच नाही, हे जुने घालायचे. पुढं काच, मग नवं चित्र, त्याच्या पाठीला जुनं, वरून तपकिरी कागद. "देवाच्या पाठीला देव. अपमान कसला झाला?" बाप म्हणायचा. कुठला कुणाच्या पाठीला, हे ना बापानं पाहिलं, ना लेकानं. मापाला बसला की झालं.

दुकानाची जागा होती वरच्या गल्लीतल्या मालकाची. चित्रवाल्यांचा हा पुढारी; प्रार्थनाघराच्या किल्ल्या याच्याच कमरेला. बैठकीच्या खोलीत त्यांच्या दाढीवाल्या संताची दाराएवढी फ्रेम होती. एके दिवशी सुनेच्या झाडूचा दांडा लागला आणि संत जमिनीवर आले. काच फुटली, मागचा कागद टरकला आणि आतून बाहेर पडली खालच्या गल्लीची सोनेरी अक्षरं.

मालकानं चौकटला बोलावून घेतलं.

"हे काय आहे?"

"पुठ्ठा, मालक."

"पुठ्ठा? गाढवा, हे त्यांचं आहे! काय लिहिलंय?"

चौकटला ते वाचता येत नव्हतं. मालकालाही नाही. ज्यांच्याशी सात पिढ्यांचं वैर, त्यांचं एक अक्षर वरच्या गल्लीत कुणी शिकलं नव्हतं. वैर करायला वाचावं लागत नाही.

"आपल्याला शिव्याच असणार," मालक म्हणाला. "आणि मी रोज सकाळी यांच्यापुढं डोकं टेकतोय! दुकान खाली कर. या महिन्यात गाशा गुंडाळ."

चौकट घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या वडिलांनी एवढे देव सांभाळले," ती म्हणाली. "आता म्हणावं त्यांना, सांभाळा आमच्या नवऱ्याला."

"थट्टा सुचतेय तुला. दुसरी जागा कोण देणार? खालच्या गल्लीत गेलो तर ते म्हणतील, आमचं वचन त्या दाढीवाल्याच्या ढुंगणाला लावलंस. मला दुसरं येतं काय?"

"तोंड तरी गोल करून घ्या. कुणी ओळखणार नाही."

इकडं मालकाच्या घरी म्हातारी उठून बसली होती. मालकाची आई; डोळ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट.

"भिंतीवरचं कुणी उतरवलं?"

"आई, त्याच्या मागून त्यांचं निघालं."

"निघू दे. ही मोठी फ्रेम आली तेव्हापासून माझा गुडघा वळतोय. तुला पोरगं झालं ते त्यानंतर. आधी छोट्या फ्रेमेत नुसता संतच होता की! त्यानं काय दिलं तुला? मुतखडा!"

"आई, हळू बोल."

"का हळू? जसं होतं तसं लाव. नाहीतर मी मेल्यावर रडायला येऊ नकोस."

मालक दुसऱ्या दिवशी दुकानात आला तो मागच्या दारानं.

"आईचं मन मोडवत नाही," तो म्हणाला. स्वतःचाही मुतखडा त्याला आठवला असणार. "पुन्हा तसंच बसव. कुठं बोलायचं नाही."

"बसवतो. आणि दुकानाचं, मालक?"

मालक पट्ट्यांवरून हात फिरवत घुटमळला. "बाकीच्यांच्या घरी पण असंच आहे?"

"असणारच. बापाच्या वेळेपासून."

"त्या गिरणीवाल्याच्या घरी?"

"असेल की."

मालकाचं तोंड आंबलं. गिरणीवाल्याची नवी गिरणी जोरात चालली होती, त्याचं कारण त्याला आत्ता कळलं. "म्हणजे सगळ्यांनाच दोन-दोन? मग आम्ही पुढारी कशाला झालो? सगळीकडचे काढून घे. तेवढं कर, आणि दुकान कर जन्मभर."

मग चौकट घरोघर फिरला. "काचेला आतून बुरशी धरते, फुकट साफ करून देतो." फुकट म्हटल्यावर दोन्ही गल्ल्यांनी दारं उघडली; धर्म, वैर, सगळं फुकटापुढं गार. तो फ्रेम खोलायचा, पाठीमागचा देव काखेत मारायचा, कोरा पुठ्ठा ठोकायचा. अक्षरांच्या मागून गुलाबी गालांच्या माता निघाल्या, संतांच्या मागून वचनं निघाली. घरी ढीग झाला.

"हे कुठं ठेवता आता? माझ्या उशाखाली?" बायको म्हणाली. "द्या टाकून."

रोज देवाचे पाय कापणारा हा गडी, पण ढीग कचऱ्यात टाकायला हात उठेना. बापाची रीत हाडात मुरलेली. शेवटी त्यानं मालकाच्या फ्रेमेला खोक्यासारखी वीतभर खोल चौकट केली आणि सगळा ढीग संताच्या मागं दाबून बसवला. दोन हमालांनी ती धापा टाकत मालकाच्या घरी नेली.

"एवढी जड?" मालक म्हणाला.

"सगळ्यांचे काढलेले तुमच्याच मागं घातलेत, मालक."

"सगळे?"

"दोन्ही गल्ल्यांचे."

मालकानं दार लावून घेतलं आणि फ्रेमेवरून असा हात फिरवला, की बायकोवरून कधी फिरवला नसेल. चौकटचं दुकान राहिलं.

पण पाहुण्यांना डोळे असतात. आठवडा उलटायच्या आत गिरणीवाला दुकानात. "मालकांसारखी जाड पाहिजे." त्याच्यामागं खालची गल्ली. "त्यांच्यापेक्षा बोटभर जास्तच कर." कुणाचा धर्म किती खोल, हे आता चौकटच्या टेबलावर टेप लावून ठरू लागलं. प्रार्थनाघरात प्रवचन झालं, श्रद्धेला खोली पाहिजे म्हणून, माना डोलल्या. पातळ फ्रेम लावायची लोकांना लाज वाटायला लागली.

"एवढ्या खोल चौकटीत भरता तरी काय?" बायकोनं एकदा जेवताना विचारलं.

"काही नाही. पोकळ."

"आणि कुणी विचारत नाही?"

"विचारतात कसले! बोटानं ठोकून बघतात. पोकळ म्हणून घुमतं, आणि यांना वाटतं आतून उत्तर आलं."