चौदा महिन्यांचा पगार

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली, मग लग्न. ही वही कुणाला दाखवायची नाही, पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवायची आहे. तरी कुणाच्या हाती पडलीच तर हसू नये. समोर माणूस असलं की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कागदासमोर निघतो, म्हणून लिहिते.

सरकारनं माझ्या मालकाला चौदा महिने निराधारांचा पगार दिला आणि नंतर म्हणालं, चुकून दिला, परत करा. ते कसं झालं ते लिहायचं आहे.

मालक दुसऱ्याच्या विहिरीवर खोदाईला होते. कडा ढासळला, त्याच्यासोबत तेही खाली आले. कमरेखाली जीव राहिला नाही. परभणीच्या दवाखान्यातून दोन महिन्यांनी आणले ते बाजेवर, आणि बाजेवरच राहिले. आधी मी खुरपायला जात होते, ते सुटलं. दिवसातून सात-आठ वेळा कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. खालची फडकी काढायची, राखेच्या पाण्यात उकळायची, वाळत घालायची. पावसाळ्यात ती वाळत नाहीत, मग चुलीजवळ दोरी बांधायची. घर सोडून जाता येईना, म्हणून लोकांच्या वाकळा शिवायला घेतल्या. जुनी लुगडी, धोतरं लोकच आणून देत. एका वाकळेचे बारा रुपये मिळत.

मोठे दीर आणि आम्ही त्याच्या आधी दोन वर्षांपासून वेगळे होतो. अंगण एक, दारं दोन, चुली दोन. घरात कमावतं कुणी नाही, भाऊ विभक्त आहे, असं तलाठ्यानं लिहून दिलं म्हणून पगार मंजूर झाला. महिन्याला साठ रुपये मनिऑर्डरनं येत. त्यातले दोन रुपये पोस्टमन सुट्टे नाहीत म्हणून ठेवून घेई. त्याच्याकडं सुट्टे कधीच नसत.

तेव्हापासून मला सवय लागली. कोण किती वेळ आमच्या दाराकडं बघतं, मनिऑर्डर येते त्या दिवशी कोण अंगणात रेंगाळतं, हे मी बघू लागले. पैसा येतो म्हटल्यावर लोकांची नजर बदलते. माझीही बदलली होती, पण ते तेव्हा कळलं नाही.

एका दुपारी गिरदावर आले, म्हणजे तलाठ्याच्या वरचे साहेब. सोबत तलाठी होता. ज्यांना पगार मिळतो त्यांची चौकशी करायला गावोगाव फिरत होते. दिरांनी अंगणात बाज टाकून त्यांना बसवलं, स्वतः शेजारी बसले. जाऊबाईंनी चहा ठेवला. मी आमच्या दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी. साहेबांनी मालकांना बघितलं, मग मला चार-पाच प्रश्न विचारले. मी काय उत्तर दिलं ते भीतीनं तिथंच विसरले. तलाठ्यानं कागद पुढं केला, मी सही केली. सही करते हे बघून साहेब तलाठ्याला म्हणाले, बाई शिकलेली दिसते. मला बरं वाटलं.

ते बसलेले असतानाच जाऊबाईंनी आमच्याकडं वाटीभर आमटी पाठवली.

पुढच्या महिन्यात मनिऑर्डर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग कोतवाल नोटीस घेऊन आला. मी ती दारातच वाचली. लाभधारक भावाच्या कुटुंबात एकत्र राहतो, एकच चूल आहे, सबब तो निराधार नाही. चौदा महिन्यांचे आठशे चाळीस रुपये भरावेत, न भरल्यास जप्ती. वसुली पुरी झाल्याशिवाय पगाराचा नवा अर्ज घेतला जाणार नाही.

मालकांना वाचून दाखवलं.

एकच चूल, हे कुणी सांगितलं? मला उत्तर लगेच सापडलं. आमटीची वाटी. एरवी पंधरा दिवसांतून एकदा येणारी वाटी नेमकी साहेबांच्या डोळ्यांसमोर कशी आली? त्याच्या आदल्याच आठवड्यात मोरीच्या पाण्यावरून जाऊबाईंचं आणि माझं वाजलं होतं. आमच्या फडक्यांचं पाणी त्यांच्या उंबऱ्याकडं जातं म्हणून त्या बोलल्या होत्या. सगळं जुळत होतं.

त्यानंतर त्यांनी भाजी पाठवली ती मी घेतली, भांडं घासलं आणि मोकळंच परत पाठवलं. आमच्याकडं आलेलं भांडं मोकळं देत नाहीत. दाणाभर साखर, नाहीतर दोन हिरव्या मिरच्या तरी टाकतात. मी काही टाकलं नाही. त्यांना समजायचं ते समजलं. वाटी येणं बंद झालं, बोलणं बंद झालं. मी माझी चूल सकाळी त्यांच्या आधी पेटवू लागले. आमचा धूर वेगळा निघतो हे साऱ्या गल्लीनं बघावं म्हणून.

मालक म्हणाले, "वहिनी तसं करणाऱ्या न्हाईत. तू उगंच मनात धरायलीस."

मी म्हणाले, "तुमी बाजेवरून काय बघता?"

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. मी माफीही मागितली नाही.

पैसे एकदम भरणं होणारं नव्हतं. तलाठ्यामार्फत अर्ज केला तेव्हा तहसीलनं महिन्याला पस्तीस रुपयांचे चोवीस हप्ते बांधून दिले. पस्तीस रुपये म्हणजे तीन वाकळा. मी टाके लांब घालू लागले, मग लोकांनी तक्रार केली, मग पुन्हा बारीक.

हप्ता तलाठ्याकडं द्यायचा. पहिल्यांदा त्यानं पैसे खिशात घातले आणि पावती नंतर देतो म्हणाला. मला मागता येईना. मी तिथंच उभी राहिले. त्यानं दोन माणसांचे उतारे दिले, पान खाल्लं. मी उभीच.

"बाई, सरकारवर भरवसा न्हाई व्हय?"

मी खाली बघून उभी राहिले. शेवटी त्यानं पावतीबुक काढलं. दर महिन्याला असंच झालं. पुढं पुढं तो मला बघितलं की आधी पावती फाडायचा आणि म्हणायचा, "आली आमची ऑडिटवाली."

पावती मिळाली तरी पैसे तहसिलीत पोचले कशावरून? नऊ हप्ते भरल्यावर माझ्या मनानं घेतलं की एकदा जिंतूरला जाऊन बघायचं. दीर आपणहून मालकांजवळ येऊन बसले होते, त्यांनी ऐकलं. ते म्हणाले, तिथं ज्या कारकुनाकडं फाईल आहे तो बौद्ध समाजाचा आहे, विद्यापीठाच्या नामांतरावरून आपल्या लोकांवर राग धरून आहे, त्यानंच मुद्दाम केलं असणार, जाऊन उपयोग नाही. त्या वर्षांत आमच्या गावात काहीही बिघडलं की कुणीतरी हेच म्हणायचं. मला ते खरं वाटलं. जाऊबाईंवरचा संशय मी काढला नाही, त्याच्या शेजारी हा दुसरा ठेवला.

पहिल्या वेळी निघाले तर मोर्चामुळं एसटी बंद. फाट्यावरून परत आले. आठ दिवसांनी गेले. मालकांजवळ माझ्या मावसबहिणीला बसवलं होतं.

कारकून माझ्यापेक्षा लहान असावा. मी त्याच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यानं दोनदा विचारलं, काय काम आहे. मी पावत्या पुढं केल्या. त्यानं वही काढली, एकेक नंबर ताडून बघितला आणि म्हणाला, नऊ हप्ते जमा आहेत. मी हलले नाही.

"अजून काय?"

"आमच्यावर अर्ज कुणी केला?"

माझा आवाज मलाच धड ऐकू आला नाही, पण त्याला आला. त्यानं फाईल उघडली, पानं उलटली. म्हणाला, "अर्ज कुणाचाच नाही. तुमच्या जबाबावर झालंय हे."

त्यानं कागद माझ्याकडं फिरवला. तलाठ्याच्या अक्षरात लिहिलं होतं की आम्ही व दीर सर्व एकत्र आहोत, चूल एकच आहे, जाऊबाई आमचं सर्व पाहतात. खाली माझी सही.

मला आधी वाटलं पान बदललं. सही जवळून बघितली. शेवटच्या अक्षराची रेघ मी नेहमी लांब ओढते, ती तशीच ओढलेली. मग आठवलं. साहेबांनी विचारलं होतं, भाऊ-भावजय बघतात का तुमचं? दीर समोर बसलेले. आत जाऊबाई चहा गाळत होत्या. ज्यांच्यासमोर मी कधी तोंड वर केलं नाही, त्यांच्यादेखत परक्या माणसाला कसं सांगणार की हे आमचं काही बघत नाहीत? घराची अब्रू जाते. मी म्हणाले होते, "समदं एकातच हाय. अक्काच बघत्यात."

कारकून म्हणाला, "बायका असंच सांगतात. ह्या फायलीत तुमच्यासारख्या आणखी तिघी आहेत."

मी विचारलं, खोडता येईल का. तो म्हणाला, दिलेला जबाब खोडता येत नाही. पैसे पुरे भरा, मग विभक्त असल्याचा पंचनामा करून नवा अर्ज द्या. त्या वेळी जबाब स्वतः वाचून मगच सही करा. हे तो चिडून म्हणाला की काळजीनं, मला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडं मी बघितलंच नव्हतं.

घरी आले तेव्हा जाऊबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "काय म्हणाला त्यो?"

"अर्ज कुणाचाच न्हाई म्हणाला."

"मग वरीसभर माझ्याकडं काय टक लावून बघायलीस?"

त्या सूप हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "समदं एकातच हाय म्हणालीस तवा मी ऐकलं की. चहा गाळायले होते. मला लय बरं वाटलं होतं. म्हणलं, एवढं भांडून बी ही माझं नाव चांगलं घ्यायली. म्हणून तर आमटी धाडली."

"मग नोटीस आली तवा सांगितलं का न्हाई, अक्का?"

"तू भांडं मोकळं धाडलंस. मी कशाला बोलू?"

मी घरात आले. मालकांची कूस बदलली, त्यांना सगळं सांगितलं. मी तुम्हांला बोलायला नको होतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, ते राहू दे, वाकळा किती झाल्या ते सांग.

जाऊबाईंचं आणि माझं बोलणं सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. त्यांनी खरंच बरं वाटून आमटी धाडली होती, की मी जिंतूरहून आल्यावर ती गोष्ट जुळवली? हे अजून कधीकधी माझ्या मनात येतं. जबाबाचा कागद डोळ्यांनी बघितला तरी येतं. संशयाची सवय माझ्या अंगातून पुरी गेलेली नाही, आणि ती पगारासोबत आली की माझ्यातच होती, हे मला सांगता येत नाही.

मधे पिकाचं एक वर्ष वाईट गेलं. लोकांनी वाकळा दिल्या नाहीत, तीन हप्ते चुकले. शेळी विकली आणि तिन्ही एकदम भरले. बाविसाव्या हप्त्याला वीसच रुपये होते. पंधरा रुपये जाऊबाईंनी दिले. मी न मागता दिले. मी ते घेतले, आणि पुढच्या बाजारानंतर त्यांच्या हातावर मोजून ठेवले. त्यांनी ते घेतले.

शेवटचा हप्ता मी तलाठ्याकडं दिला नाही. जिंतूरला जाऊन तहसिलीत भरला. त्याच कारकुनानं वहीत नोंद केली. मी म्हणाले, मला वाचू द्या. त्यानं वही फिरवली. माझ्या मालकाचं नाव, चोवीस हप्ते, एकूण आठशे चाळीस, पुढं लाल शाईनं लिहिलेलं, बाकी निरंक. मी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. पैसे पुरे फिटले होते.